झाकलेल्या नळीचा हिशेब

उन्हाळ्याची चाहूल लागली की घरोघरी वातानुकूलन यंत्राची, म्हणजे एसीची चौकशी सुरू होते. यंत्र किती टनाचे घ्यावे, किती स्टारचे असावे, रोखीने घ्यावे की हप्त्याने, कोणत्या दुकानी दर उतरतो, याचा ऊहापोह चार-आठ दिवस चालतो. व्यापारी कुटुंबात तर वस्तूची पारख आणि भावाची बोलणी ही रोजच्या अंगवळणी पडलेली गोष्ट असते. परंतु यंत्र घरी येऊन कारागीर भिंतीला भोक पाडू लागला की हे सारे लक्ष एकाएकी मावळते. घराच्या आतील भाग आणि गच्चीवरचा किंवा सज्जावरचा बाहेरचा भाग यांना जोडणाऱ्या तांब्याच्या नळ्यांवर कोणते आवरण चढले, ते किती जाड आहे, सांध्यापाशी ते पुरते बसले की नाही, हे क्वचितच कोणी विचारते. संध्याकाळी खोली गार झाली की काम उत्तम झाले असे समजून पैसे चुकते केले जातात.

वास्तविक विचारपूस व्हावयास हवी ती येथेच. यंत्राचे दोन्ही भाग कारखान्यात तयार होतात आणि तेथेच तपासलेही जातात. त्या दोहोंमधील पाच-सात मीटरांचा नळीचा मार्ग मात्र घरातच, एका कारागिराच्या हातांनी, दोन-तीन तासांत तयार होतो. त्याच्यावर कारखान्याचा शिक्का नसतो. त्याची तपासणी करणारा घराचा मालकच असतो, आणि ती करण्यास त्याला वेळही थोडाच मिळतो. एकदा नळी भिंतीच्या झिरीत गेली किंवा फॉल्स सीलिंगच्या वर लपली की पुढे ती दिसते ती केवळ डागांच्या रूपाने.

या नळ्या दोन असतात. दीड टनाच्या यंत्राला बहुधा पाव इंची आणि अर्धा इंची नळी लागते. कारागीर त्यांना दोन सूत आणि चार सूत म्हणतात. त्यांतून जे शीतक वाहते त्याला व्यवहारात नुसते गॅस म्हणण्याची रीत आहे. बाहेरच्या भागातील कॉम्प्रेसर या गॅसला दाबतो, तेथील जाळीत तो आपली उष्णता हवेला देऊन द्रवरूप होतो, आणि मग एका अरुंद वाटेतून जाताना त्याचा दाब एकदम उतरून तो थंडगार होतो. घरगुती स्प्लिट यंत्रात ही अरुंद वाट, मग ती केशनळी असो वा झडप, बाहेरच्या भागातच बसविलेली असते. त्यामुळे बारीक नळीतून घरात येणारे शीतक निघतानाच थंड झालेले असते. खोलीतील उष्णता शोषून ते जाड नळीतून परत जाते, तेव्हाही ते गारच असते. चालू यंत्रात या नळ्यांचे तापमान साधारणतः ५ ते १० अंशांच्या आसपास राहते.

या एका गोष्टीवरून पुढचा एक मोठा गैरसमज दूर होतो. मोठ्या इमारतींतील काही योजनांत ही अरुंद वाट आतल्या भागाजवळ असते. तेथे बारीक नळी कोमट राहते आणि आवरणाची खरी गरज जाड नळीलाच असते. त्या कामांवर हात बसलेला एखादा कारागीर घरगुती यंत्रालाही तोच नियम लावतो आणि ‘बारीक नळीला काही लागत नाही’ असे सांगून मोकळा होतो. घरातील स्प्लिट यंत्राला हे लागू नाही. येथे दोन्ही नळ्या थंड असतात, आणि दोहोंना स्वतंत्र आवरण हवे. दोन नळ्या एकत्र बांधून त्यांवर एकच आवरण चढविणे हेही चूकच, कारण त्यांच्यामधील फटीत हवा शिरते आणि हवेबरोबर बाष्पही शिरते.

आता पाणी कोठून येते ते पाहू. उन्हाळ्यात माठ बाहेरून ओला दिसतो, कारण आतले पाणी मातीच्या छिद्रांतून झिरपते. पण पावसाळ्याच्या दिवसांत तांब्याच्या पेल्यात फ्रिजमधले पाणी ओतले तरी पेल्याच्या बाहेर थेंब जमतात. तांब्यातून पाणी झिरपत नाही. ते थेंब हवेतील बाष्पाचे असतात. हवा ज्या तापमानाला आपले बाष्प सोडू लागते त्याला दवबिंदू म्हणतात, आणि त्याहून थंड अशा कोणत्याही पृष्ठभागावर दव धरतेच. थंड गॅसची तांब्याची नळी म्हणजे दिवसरात्र भरलेला असा पेलाच होय. नळी ओली दिसली की ‘गॅस गळतो आहे’ असा तर्क अनेक घरांतून केला जातो. परंतु गॅस गळला तर तो हवेत उडून जातो. त्याचे पाणी होत नाही. नळीवरील पाणी हे बहुधा अपुऱ्या आवरणाचे लक्षण असते, आणि अशा वेळी गॅस भरून घेणे म्हणजे दुखणे एकीकडे आणि औषध दुसरीकडे. नळीवर बर्फ धरू लागला तर मात्र गोष्ट वेगळी. तेथे गॅस कमी पडला असेल किंवा आतील जाळी धुळीने भरली असेल, आणि जाणकाराकडून तपासणी आवश्यक ठरते.

वातानुकूलनाचा उगमच मुळी या बाष्पाच्या प्रश्नातून झाला. १९०२ साली अमेरिकेत ब्रुकलिन येथील एका छापखान्यात दमट हवेमुळे कागद फुगत असे आणि रंगीत छपाईचे ठसे एकमेकांवर नेमके बसत नसत. विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने हवेतील ओलावा काबूत ठेवण्यासाठी जी योजना आखली, तीच आधुनिक वातानुकूलनाची सुरुवात मानली जाते. एका धंद्याचा माल ओलाव्यापासून वाचविण्यासाठी जन्मलेली ही विद्या आज घरात आणताना आवरणाच्या हयगयीने ओलावाच घरात यावा, ही विसंगती टाळण्याजोगी आहे.

आवरण किती जाड असावे, याचे उत्तर हवेवर अवलंबून असते. हवा ३८ अंश तापली असली पण आर्द्रता २० टक्केच असली, तर तिचा दवबिंदू सुमारे ११ अंश असतो. सोलापूर किंवा मराठवाड्यातील कोरड्या एप्रिल-मेच्या दुपारी अशी हवा असते. उलट ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असली की दवबिंदू २६ अंशांवर चढतो. रत्नागिरी, अलिबाग, मुंबई, गोवा येथे पावसाळ्यात अशी हवा नित्याची आहे, आणि पाऊस सुरू झाला की सांगली-कोल्हापूरकडेही ती अनुभवास येते. अशा हवेत आवरणाची बाहेरची बाजू हवेपेक्षा अवघे चार अंश थंड झाली तरी तिच्यावर पाणी धरते.

साधे गणित मांडले तर जाडीचे महत्त्व ध्यानात येईल. अर्धा इंची नळी ८ अंशांवर आहे आणि भोवती ही ३० अंशांची दमट हवा आहे असे धरू. चांगल्या रबरी आवरणाची जाडी ९ मिलिमीटर असेल, तर त्याची बाहेरची बाजू सुमारे साडेचोवीस अंशांवर येते, म्हणजे दव धरणारच. १३ मिलिमीटर जाडीने ती २६ अंशांच्या अगदी काठावर राहते. १९ मिलिमीटर जाडीने ती साडेसत्तावीस अंशांच्या आसपास, म्हणजे सुरक्षित ठरते. कोरड्या दुपारच्या हवेत मात्र ९ मिलिमीटरचे तेच आवरण ३० अंशांहून वर राहते आणि त्याला थेंबही शिवत नाही. एकच नळी, एकच आवरण. सोलापुरात मे महिन्यात निर्दोष दिसते आणि रत्नागिरीत जुलैत गळते. म्हणून आवरणाची निवड यंत्र बसविण्याच्या दिवसावरून न करता त्या गावाच्या सर्वांत दमट दिवसावरून करावी. बंद फॉल्स सीलिंगच्या वर हवा हलत नाही, त्यामुळे तेथे आवरणाचा पृष्ठभाग आणखी थंड राहतो. उघड्या भिंतीवर १३ मिलिमीटर पुरत असेल तेथेही लपलेल्या भागासाठी १९ मिलिमीटर घेणे शहाणपणाचे.

हा ओलावा किती असेल, असा प्रश्न व्यवहारी मनात येणे स्वाभाविक आहे. ढोबळ हिशेबाने, अशा दमट हवेत पाच मीटर जाड नळी पूर्ण उघडी राहिली तर आठ तासांच्या एका रात्रीत तीनशे-चारशे मिलिलिटर पाणी तिच्यावर जमू शकते. महिन्याकाठी ते दहा लिटरांच्या घरात जाते. संपूर्ण नळी उघडी ठेवण्याइतका निष्काळजी कारागीर विरळाच. पण सांध्यापाशी वीतभर जागा उघडी राहणे ही नित्याची गोष्ट आहे. त्या वीतभर जागेतून रात्रीत दोन-तीन चमचे पाणी पडते. दोन-तीन चमचे म्हणजे काहीच नाही असे वाटेल. परंतु ते रोज त्याच जागी, त्याच प्लास्टरवर, त्याच पीओपीच्या पत्र्यावर पडते. प्रथम पिवळट वलय उमटते, मग रंगाचे पोपडे सुटतात, मग बुरशी धरते आणि शेवटी छताचा तुकडा खाली येतो.

अनेक पेठांतून अजूनही खाली दुकान आणि वर राहते घर अशी रचना आहे. वरच्या मजल्यावरील शयनगृहाची नळी दुकानाच्या छतावरून मागच्या बोळाकडे नेलेली असते. खाली कापडाचे तागे, धान्याची किंवा मसाल्याची पोती, अथवा जुन्या चोपड्यांचे कपाट असते. अशा ठिकाणी आवरणातील वीतभर उणीव केवळ रंगकामाचा खर्च वाढवून थांबत नाही. ओल लागलेला तागा ग्राहकापुढे टाकता येत नाही, आणि ओल धरलेले पोते शेजारच्या पोत्यांनाही बिघडविते. आवरणात वाचविलेले थोडे रुपये अशा वेळी मालाच्या खात्यात कितीतरी पटींनी नावे पडतात.

आवरण कशाचे असावे याचाही विचार हवा. बाजारात साधारणतः दोन प्रकार दिसतात. एक काळ्या रंगाची नायट्राइल रबराची फुगीर नळी, आणि दुसरी पांढरट पॉलिथिलीन फोमची. दोहोंची निवड करताना रंगाहून महत्त्वाची गोष्ट ही की आतील पोकळ्या बंद असाव्यात. बंद पोकळ्यांत हवा कोंडलेली राहते आणि ती उष्णतेला अडविते. त्या पोकळ्या एकमेकींत उघडणाऱ्या असतील तर आवरण स्पंजाप्रमाणे बाष्प ओढून घेते. पाणी उष्णतेचे वहन अशा आवरणाच्या सोळा-सतरा पट अधिक करते. त्यामुळे भिजलेले आवरण हे आवरणच राहत नाही. परीक्षा सोपी आहे. आवरणाचा लहान तुकडा कापून पाण्यात बुडवावा, दाबून सोडावा, आणि वर काढून पिळावा. त्यातून पाणी निथळले तर तो माल घेऊ नये. बोटाने दाबल्यावर जे पूर्ववत फुगत नाही, तेही नाकारावे.

उत्तम माल आणला तरी काम उत्तम होईलच असे नाही. आवरणाची नळी शक्य तोवर सलग, सांधा करण्यापूर्वीच तांब्यावरून ओवून घ्यावी. ओवताना तांब्याच्या तोंडाला टोपण लावलेले असावे, म्हणजे धूळ आणि रबराचे कण आत जाणार नाहीत. आवरण उभे चिरून बसवावे लागले, तर ती चीर योग्य चिकटद्रवाने पुरती जुळवावी. नुसती चिकटपट्टी लावलेली चीर वर्ष-दोन वर्षांत तोंड उघडते. दोन आवरणांची टोके एकमेकांना टेकवून चिकटवावीत. टोके ताणून जुळविली तर ती पुढे आक्रसून मधे बोटभर तांबे उघडे पडते. वळणावर आवरणाला सुरकुती पडली तर तेथील जाडी निम्मी होते आणि नेमके तेथेच पाणी धरते. भिंतीला पकडण्यासाठी लोखंडी पट्टी इतकी आवळली जाते की आवरण चपटे होते. त्याऐवजी रुंद पकड वापरावी, आणि पट्टीखाली कडक नळीचा अर्धगोल तुकडा द्यावा. भिंतीच्या भोकातून नळी जाते तेथेही आवरण अखंड असावे. ‘भोक लहान पडले म्हणून आवरण काढले’ ही सबब मान्य करू नये. भोक मोठे करून घ्यावे, आणि बाहेरच्या बाजूस ते किंचित उतरते ठेवून शेवटी बुजवावे.

नळीबरोबर जाणारी सांडपाण्याची बारीक नळीही विसरू नये. यंत्रातून निघणारे पाणी थंड असते. छताच्या आत ही नळी उघडी असेल तर तिच्यावरही दव धरते, म्हणून लपलेल्या भागात तिलाही आवरण द्यावे आणि तिचा उतार सलग राखावा.

घराबाहेर शत्रू निराळे असतात. ऊन काळ्या रबराला काही वर्षांत ठिसूळ करते आणि त्याचे तुकडे पडू लागतात. म्हणून गच्चीवरील नळीला वरून पट्टी, रंग किंवा पीव्हीसीची पन्हळ असे दुसरे आवरण हवेच. पट्टी गुंडाळताना ती खालून वर न्यावी, म्हणजे प्रत्येक वेढा कौलाप्रमाणे खालच्या वेढ्यावर चढतो आणि पावसाचे पाणी आत न शिरता ओघळून जाते. पट्टी फार घट्टही ओढू नये. त्याने आतले रबर दबते. उंदीर आणि खारी मऊ रबर कुरतडतात. त्यावर विषारी गोळ्या पसरण्याचे कारण नाही. कठीण पीव्हीसीची पन्हळ बसविली आणि भिंतीची भोके नीट बुजविली की जीवहानी न करता आवरण सुरक्षित राहते.

कामाचा क्रम हा सर्वांत दुर्लक्षित विषय होय. नळ्यांचे सांधे तपासण्यापूर्वी झाकता कामा नयेत. आधी नळीत नायट्रोजन भरून दाब टिकतो की नाही ते पाहावे आणि सांध्यांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का हे तपासावे. मग व्हॅक्यूम पंपाने आतील हवा आणि ओलावा काढावा, गॅस सोडावा, आणि त्यानंतरच सांध्यांवर आवरण चढवावे. हल्लीच्या बहुतेक घरगुती यंत्रांत आर-३२ हा गॅस असतो. तो काहीसा ज्वलनशील आहे, आणि हवेत निसटल्यास शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याची तापवृद्धीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट धरली जाते. गळका सांधा आवरणाखाली झाकून टाकणे हे म्हणूनच घराच्या आणि बाहेरच्याही दृष्टीने अयोग्य. सांधा भिंतीच्या आत येऊच न देणे, म्हणजे लपलेल्या भागात सलग नळी वापरणे, हा त्यावरील खरा उपाय. नळी जागेवर बसल्यावर यंत्र चार-सहा तास चालवून, आवरणावरून सर्वत्र हात फिरवून पाहावे, आणि मगच सुताराला किंवा पीओपीवाल्याला छत बंद करण्यास सांगावे. काम कोरड्या उन्हाळ्यात झाले असेल तर छतात तपासणीचे एक झाकण ठेवून घ्यावे आणि पहिल्या पावसात ते उघडून पुन्हा हात फिरवावा.

आता खर्चाचा प्रश्न. बसवणुकीच्या दरात बहुधा तीन मीटरांपर्यंतची नळी धरलेली असते आणि पुढील प्रत्येक मीटरला वेगळा आकार पडतो. त्या मीटरच्या दरात आवरण कोणते आणि किती जाडीचे, याचा उल्लेख दरपत्रकात नसतो आणि वाद तेथूनच उद्भवतो. काम ठरवितानाच लेखी घालून घ्यावे : आवरणाचा प्रकार, मिलिमीटरमध्ये जाडी, दोन्ही नळ्यांना स्वतंत्र आवरण, बाहेरच्या भागावर दुसरे आवरण, आणि सांध्यांचे आवरण चाचणीनंतर. व्यापारात नमुना पाहून सौदा होतो. येथेही आवरणाचा वीतभर तुकडा आधी मागवून पाहावा. आणि कारागिराने या कामासाठी अधिक वेळ मागितला तर तो द्यावा, त्याची मजुरीही कापू नये. घाईचा दर देऊन सावकाशीच्या कामाची अपेक्षा करणे न्यायाचे नव्हे.

आवरणाने विजेची बचत किती होते, याविषयी मात्र अतिशयोक्ती नको. दीड टनाच्या यंत्राची शीतनक्षमता सुमारे ५,२०० वॅट असते. पाच मीटर जाड नळी सावलीत उघडी राहिल्याने त्यांतील शेकडा एक-दोन भाग वाया जातो. गच्चीवरच्या उन्हात आणि लांब नळीत तो वाढतो, आणि परतणारा गॅस अधिक तापल्याने कॉम्प्रेसरवरही भार येतो. ही हानी खरी असली तरी बिलात ती चटकन दिसणार नाही. आवरणाचे खरे मोल भिंत, छत आणि माल कोरडा राहण्यात आहे.

ज्यांच्या घरी यंत्र आधीच बसलेले आहे त्यांनाही फार काही करावयाचे नाही. पावसाळ्यातील एखाद्या दमट संध्याकाळी यंत्र तासभर चालवून तीन जागा पाहाव्यात : आतल्या भागामागे जेथे नळ्या जोडल्या आहेत ती जागा, भिंतीचे भोक, आणि बाहेरच्या भागाकडे जाणारे शेवटचे वळण. जेथे हाताला ओल लागेल तेथील जुने भिजलेले आवरण काढावे, तांबे कोरडे पुसावे आणि नवे जाड आवरण चिकटवून बसवावे. भिजलेल्या आवरणावरच नवी पट्टी गुंडाळली तर ओल आत कोंडून राहते. हे काम एका दुपारचे आहे, आणि ते पाऊस लागण्यापूर्वीच उरकून घेतलेले बरे. पावसाळ्यात कारागीर लवकर मिळत नाहीत, आणि छतावरचा डाग तोवर थांबत नाही.